बॅटरी कोणी जाळली?

कनोराच्या लिलावात अठरा डॉलरला मिळाला,
सोबत घोड्यांच्या नालांची एक बादली, नको असताना.
मागचं फळकूट काढलं तर आत उंदराचं घरटं,
गव्हाचा तूस, लोकरी मोज्याचा एक अंगठा.
स्पीकरचा कागद कुरतडलेला,
तारांवरचं रबर बोट लावताच भुगा.

बायको म्हणाली, ओरेस्ट, हा सदतिसावा.
म्हटलं, हा विजेचा नाही.
म्हणाली, म्हणजे आणखीच निरुपयोगी.

सस्कॅचेवानच्या या सपाटीवर खांब उभे राहण्याआधीचा हा.
याला तीन बॅटऱ्या लागत:
एक आतल्या दिव्यांची वात तापवायला,
दुसरी लांबचा आवाज ओढून आणायला,
तिसरी इवलीशी, दोघींना आवरायला.
नव्या आणायच्या तर बावीस मैल घोडागाडी
आणि अंडी किती डझन, ते त्या त्या वर्षावर.

हिवाळाभर बसलो त्याच्यापाशी.
मेणकागदाचे कपॅसिटर पोखरले,
त्यांच्याच जुन्या सालीत नवे भरले,
उघडून पाहणाऱ्यालाही वाटावं, काही झालंच नाही.
एवढी लबाडी आम्हा जमवणाऱ्यांत चालते.

मग पेटीच्या आतल्या बाजूला, पेन्सिलीनं,
माझ्या आजीच्या वळणाची युक्रेनियन अक्षरं:
चौदा नोव्हेंबर. गव्हाचा भाव, दहा मिनिटं.
पंधरा, काही नाही.
सोळा, काही नाही.
सतरा. प्रार्थना, वीस. स्तेफान झोपल्यावर गाणी, सात.
सात!
मीठ संपत आल्यावर मोजून घालावं तसं.
आणि दोन फेब्रुवारी: सबंध रात्र.
त्याखाली एप्रिलपर्यंत कोरं लाकूड.

सँडपेपर खाली ठेवला.
युद्ध? राजा वारला? पोर आजारी?
त्या तारखेला जगात काही घडल्याचं
मला कुठं सापडलं नाही.

लिलाववाल्यानं पत्ता दिला. पासिच्निकांची तेक्ला,
एक्याण्णव वर्षांची, यॉर्कटनच्या वृद्धाश्रमात.
कवळी पेल्यातच ठेवून ती हसली.
वादळ होतं रे. बाबा शेजारच्या शेतावरून निघालेले,
आणि पसरल्या हाताचा पंजाही दिसेना.
कंदील टांगून काय उपयोग?
आईनं वारा लागत नव्हता त्या बाजूच्या
खिडकीची चौकट कुऱ्हाडीनं उखडली,
रेडिओ तोंड बाहेर करून ठेवला
आणि बटण पिळवेल तेवढं पिळलं.
कुठल्याशा अमेरिकन हॉटेलातला नाचाचा बँड
बर्फात ओतत राहिली. ते स्टेशन झोपलं
तशी नुसती खरखर.
आम्ही दोघं पिसांच्या गादीखाली, ती कोट घालून उभी.

पहाटे बाबा आले. भुवया पांढऱ्या.
उंबऱ्यावरच विचारलं,
बॅटरी कोणी जाळली?

मग आई?
आई काय म्हणणार. बूट ओढून काढले त्यांचे.
मग आठवल्यासारखी म्हणाली,
पायाची दोन बोटं गेली. कोणत्या पायाची, विसरले बघ.

मार्चमध्ये नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या
गुंड्या लावाव्यात तशा एकीला एक अडकवल्या.
नव्वद झाले. खोलीतला दिवा घालवला,
कारण या नळ्या उजळतात की नाही
हे मिट्ट काळोखातच कळतं:
राखेखालच्या निखाऱ्याएवढंसं, तेही डोळे सरावल्यावर.

आधी खरखर.
तिच्यातून, कुठून कोण जाणे, एक बाई
हवामान सांगू लागली. उणे अकरा, पश्चिमेचा वारा.

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.
किती वेळ बसलो, सांगता येणार नाही.
म्हणजे येईल: सात मिनिटं.
बोटांनी आपणच बटण उलटं फिरवलं,
बॅटऱ्या कोऱ्या होत्या, तरी.

काळोखात बायको म्हणाली,
लाव की परत.